फक्त तुम्ही पाहिलेलं

बाई, तुम्ही गेल्याला तेरा-चौदा वर्षं झाली असतील. बातमी कळली तेव्हा मी आले नाही. निगडीला तुमच्या घरी यायला माझ्या शाळेसमोरूनच बस होती, अर्ध्या तासाचा रस्ता, पण मी घरी कामाचं निमित्त सांगितलं आणि बसून राहिले. खरं कारण असं की चौथीतला राग अजून गेलेला नव्हता. तिशीला टेकलेल्या बाईने नऊ वर्षांच्या पोरीचा राग जपून ठेवावा हे हसण्यासारखंच आहे. पण मी तो जपला होता, आणि माझी सगळी मास्तरकी त्याच्यावरच उभी केली होती. आज तुम्हाला लिहायला बसले, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

तुमचा निबंधाचा तास शनिवारी असायचा. फळ्यावर तुम्ही दहा ओळी लिहून द्यायच्या, प्रत्येक ओळ दोनदा वाचायच्या आणि म्हणायच्या, "शेवटच्या दोन ओळी मनाच्या घाला." त्या दिवशी विषय होता 'माझे वडील'. मी दोन ओळींच्या जागी अख्खं पान घातलं. बाबा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते आणि त्यांची दोन बोटं मशीनमध्ये गेली होती. पण लोकांना ते सांगायचे की गावी कडबाकुट्टीत गेली. मालकाने तसंच सांगायचं ठरवून दिलं होतं आणि त्या बोलीवर त्यांना पॅकिंगला ठेवून घेतलं होतं. हे सगळं मी लिहिलं. जेवताना बाबा तो हात मांडीखाली दाबून ठेवतात, तेही लिहिलं. तुम्ही टेबलाशी उभ्या राहून वाचताय आणि मी तुमच्या चेहऱ्याकडे बघतेय, आता शाबासकी मिळणार म्हणून. तुम्ही ते पान वहीतून हलक्या हाताने सोडवता, घडी घालून पर्समध्ये ठेवता आणि म्हणता, "हे वहीत नको." मी म्हणते, "पण बाई, खरंय ते." तुम्ही म्हणता, "म्हणूनच नको. जा, जागेवर बस. फळ्यावरचं उतरव." अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. पुढच्या शनिवारी तुम्ही मला एक कोरी वही दिलीत. "यात हवं ते लिही. पण दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही." मला वाटलं, हिला माझं लिहिलेलं डोळ्यांसमोरसुद्धा नको. त्या वहीत मी गणितं सोडवली.

मी मास्तरीण झाले तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवलं, फळ्यावर निबंध लिहून द्यायचा नाही. महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग म्हणजे निम्मी पोरं परभणी-नांदेडकडची, काही कोकणातली, काही उत्तरेकडची. त्यांना म्हणायचं, तुमच्या मनाचं लिहा. पोरं भांबावून जायची. "मॅडम, किती ओळी?" "मॅडम, हा विषय गाइडमध्ये नाहीये." पण हळूहळू जमायला लागलं. एकाने लिहिलं की आमच्या खोलीत पंखा फिरला की फक्त कॅलेंडरला वारा लागतो. एकीने बहिणीच्या घोरण्यावर पानभर लिहिलं. कुणी 'माझी आई प्रेमळ आहे' असं लिहिलं की मी लाल पेनाने गोल करून विचारायचे, ही कुणाची आई? आणि मनात म्हणायचे, बघा बाई, असं शिकवायचं असतं. दरवर्षी निदान एकदा तरी तुम्हाला हरवल्याचा आनंद मला व्हायचा.

यंदा माझ्या वर्गात एक मुलगी आहे. जिंतूरकडची. मागच्या बाकावर बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही. दिवाळीनंतर मी विषय दिला, 'फक्त तुम्ही पाहिलेलं, दुसऱ्या कुणीच न पाहिलेलं असं काहीतरी'. तिने लिहिलं ते मला अजून पाठ आहे. "माझ्या पप्पांना ब्रेक दिलाय. आईला माहीत नाही. पप्पा रोज कंपनीचा शर्ट घालून डबा घेऊन जातात. मोठ्या सुट्टीत मी शाळेच्या जिन्याच्या खिडकीतून बघते. पप्पा समोरच्या बागेत बसलेले असतात. ते डबा उघडतात आणि लोणचं आधी खातात. घरी यायच्या आधी ते जिन्याखालच्या सायकलच्या चेनला हात लावतात. मग त्यांचे हात कंपनीतल्यासारखे काळे होतात. आई त्यांना रोज साबण देते. मी पण काही बोलत नाही." तुमच्या वेळी हा प्रकार फारसा नव्हता. चाकणकडे कंत्राटी माणसाला सात-आठ महिने झाले की 'ब्रेक' देतात, म्हणजे घरी बसवतात. पुन्हा बोलावतील तेव्हा बोलावतील. वाचून माझ्या अंगावर काटा आला. वीस-बावीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी असं लिहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात पालक सभा होती. पर्यवेक्षक येणार होते. मी चिठ्ठ्या धाडून बजावलं होतं की या वेळी प्रत्येकाच्या आईने यावंच. आणि त्या सभेत मी तो निबंध वाचला. मुलीचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे झालं, एवढीच माझी अक्कल. आवाज चढवत, थांबत, चांगला रंगवून वाचला. तिची आई दुसऱ्या बाकावर धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. लोणच्यापाशी तिने मान वर केली. साबणापाशी ती उठली, पोराला कडेवर घेतलं आणि दारातून निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पर्यवेक्षक म्हणाले, "वा मॅडम, हे खरं सर्जनशील लेखन!" मुलगी दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिचे वडील फाटकाशी आले. मी घाबरले होते. वाटलं, आता हा माणूस चारचौघांत माझी अब्रू काढणार. तो हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, पोरीला रागवू नका. खोटं काय लिवलं न्हाई तिनं. आमची हिकडं कधी येत न्हाई म्हणून मी हितं बसायचो. सुट्टीत पोरगीबी दिसायची." मी विचारलं, घरी फार झालं का? तो म्हणाला, "न्हाई. भांडली न्हाई, रडली न्हाई. येवढंच म्हणली, उद्यापासून डबा घरीच खा." मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "चार-आठ दिवसात बोलावणार होते हो मला. तेवढं निभलं असतं." मी माफी मागायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "मुलगी फार हुशार आहे तुमची." तो "व्हय" म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून मला तुम्ही सारख्या आठवताय. आमच्याच वर्गात बाबांच्या वर्कशॉपमधल्या दोघा-तिघांची पोरं होती. ते पान कुणी वाचलं असतं, मोठ्याने बोललं असतं, तर बाबांचं पॅकिंगचं काम आठवडाभरही टिकलं नसतं. तुम्ही एका नजरेत जे ओळखलंत, ते मला एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर दिसलं नाही. कोऱ्या वहीचा अर्थही आत्ता कुठे लागतोय. पण बाई, तुमचंही चुकलंच. मला एका वाक्यात सांगितलं असतंत तर मला कळलं असतं. नऊ वर्षांच्या पोरीला कळतं, हे तर आता मी बघितलंय. तुमच्याशी भांडायचं म्हणून मी शिकवत राहिले. त्या भांडणात ती मुलगी मध्ये सापडली.

तिच्या वडिलांना अजून बोलावणं आलेलं नाही. ती रोज शाळेत येते. लेखनाच्या तासाला वही उघडते, तारीख टाकते आणि बसून राहते. मी दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले. "तुझं लिहिलेलं आता कुणालाच वाचून दाखवणार नाही," म्हटलं. ती "हो मॅडम" म्हणाली. तिचा विश्वास बसेल असं माझ्याकडे काहीच नाही. आणि हे पत्र मी कुठे टाकणार? निगडीच्या त्या घरात आता दुसरी माणसं राहतात.

परवा चाचणी झाली. निबंधाचा विषय वरून आला होता, 'माझे वडील'. बऱ्याच दिवसांनी तिने पान भरलं. "माझे वडील चाकण येथे कंपनीत काम करतात. ते खूप कष्टाळू आहेत. ते आम्हाला कशाचीही कमी पडू देत नाहीत. मला माझे वडील फार आवडतात." दहा ओळी, एकही खाडाखोड नाही. मी लाल पेन उचललं आणि कुठेही गोल न करता तिला पूर्ण गुण दिले. बाई, ते वाचून माझ्या पोटात तुटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.