टाकी लावलेली वाट

१४ नोव्हेंबर १९५४, अहेरी

काचबिंदू. नाव ऐकून वाटतं, दागिना असावा.

चांद्याचा डॉक्टर सरळ बोलला. "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल? वर्ष, दीड वर्ष." कडेकडेनं मिटत येते म्हणे. डावी बाजू अर्धी गेलीच आहे – म्हणून मागच्या बाजारात बैलाला धडकलो आणि वर बैलालाच बोललो. त्याची माफी राहिली.

सुगंधाला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढला. थेंबांची बाटली 'थंडाव्याची'. तेवीस वर्षांच्या संसारात हे माझं पहिलं खोटं नाही. पहिलं मोठं आहे.

परतताना मोटारीत एकच ठरवलं. अंगणात दगडी फरशी घालायची. सपाट, एकसारखी, ठेच लागायला जागा नको. ओसरीवरच्या माझ्या बैठकीपासून विहिरीपर्यंत आणि फाटकापर्यंत – एवढं तरी कुणाचा हात न धरता जाता यावं. नागपूरच्या दैनिकाला अठरा वर्षं बातम्या पाठवतो आहे. वाघ, पूर, सागवानाचा लिलाव – जे लिहिलं ते आधी पाहिलं. पाहणं संपल्यावर काय लिहायचं, याचा विचार आलापल्लीपर्यंत केला. पुढे केला नाही.

१५ नोव्हेंबर

सुगंधाला म्हटलं, "सारवून सारवून तुझे गुडघे गेले. अंगणात फरशी घालू."

"माह्ये गुडघे मले ठाऊक," ती म्हणाली. "उन्हाळ्यात त्या दगडावर पाय भाजतीन. माती काऊन नको झाली तुमाले?"

उत्तर होतं, पण देता येण्यासारखं नव्हतं. विषय संपला. वरणात मीठ कमी होतं, तेही बोललो नाही. एका दिवसात दोनदा हरायची हौस नाही.

ही वही जुन्या कात्रणांच्या गठ्ठ्याखाली ठेवतो. तिथे वाळवीशिवाय कुणी फिरकत नाही.

१७ नोव्हेंबर

नवल! सकाळी चहा ठेवता ठेवता सुगंधा म्हणाली, "घाला फरशी. मी नाई म्हणत नाई." मी काहीच युक्तिवाद केला नव्हता. कधीकधी न केलेला युक्तिवादच जास्त पटतो, असं दिसतं. वरणही आज नेमकं झालं होतं. माझ्या मौनात काही तेज असावं.

२१ नोव्हेंबर

गुणवंतराव आले. लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून आहेत, आणि सगळ्या गोष्टींचे सल्लागार. "पंडितभाऊ, शहाबादी आणा. चांद्याहून. आरशावानी! तोंड पाहून घ्या त्यात."

"माझं तोंड मी पुरेसं पाहिलंय," मी म्हणालो. तेवढ्यात त्यांनी पुढे केलेली पानाची तबकडी मला दिसली नाही. ती डावीकडे होती. ते बिचारे हात लांब करून बसलेले. सुगंधानं उठून तबकडी घेतली आणि माझ्या उजवीकडे ठेवली. म्हणाली, "ह्यांचं ध्यान नाई राहत."

ध्यान राहत नाही. बरं झालं, हिचा असा समज आहे.

शहाबादी रद्द. चांद्याहून इथवर निम्म्या फरशा तुकडे होऊन येतील. इथल्याच नाल्याकाठी तांबूस दगड थराथरानं निघतो. दोन कोसांवरच्या रानातला लालसू तो काढतो. त्याला निरोप धाडला.

३ डिसेंबर

लालसूबरोबर नाल्यावर. माणूस माझ्याच वयाचा. डोक्याला फडकं, पायात काही नाही. पहारीनं दगडाच्या थरात पाचर ठोकतो, कान लावतो, मग दुसरी ठोकतो. थर सुटतो तो पाटासारखा.

माझ्याजवळ शिल्पाची पोथी होती. तीत लिहिलंय की ज्या शिळेवर टोला दिला असता घंटेसारखा नाद येतो ती उत्तम. लालसू प्रत्येक दगडाला बोटाच्या पेरानं वाजवून पाहत होता. ठण्ण वाजला की बैलबंडीत. भद्द वाजला की नाल्यात. "हा मेलेला आहे," म्हणायचा. पोथीचं आणि त्याचं एकमत झालं. पोथीला हायसं वाटलं असेल.

मीही एक दगड निवडला. मोठा, गुळगुळीत. लालसू बघतच राहिला.

"भाऊ, डाव्या अंगानं चिरलाय पुरा."

"ठाऊक आहे. तुझी परीक्षा घेत होतो."

तो हसला नाही. नंतर बंडीत बसताना त्यानं माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

११ डिसेंबर

अंगण खोदलं. त्यावर मुरूम, मुरमावर धुमस. दिवसभर घर हादरत होतं. भांडी मांडणीवरून पुढे सरकून बसली. पाण्याचा उतार राखायला लालसूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली.

सुतळी दिसली नाही. पालथा पडलो. चष्मा वाचला, कोपर नाही. सुगंधा धावत आली. "भोवळ आली," म्हटलं. तिनं हळद दाबली. मला तिच्या गप्प बसण्याची सवय नाही.

लालसू सुतळी पुन्हा बांधत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माह्या बापाचं असंच झालं होतं. तरी मोह वेचाले जाये. डोळ्याचं काम पायाले शिकवलं त्यानं."

मी म्हणालो, "मला भोवळ आली होती."

"हो," तो म्हणाला.

२२ डिसेंबर

अंगण पुरं झालं. दगडाला दगड जोडून, सांध्यांत चुना. मी हट्टानं प्रत्येक दगड घासून घेतला. तळव्याला सांधा लागू नये इतका. लालसू कुरकुरला, "इतकं काऊन?" पण केलं. संध्याकाळच्या उन्हात अंगण पिकल्या आंब्याच्या सालीसारखं दिसत होतं. उजव्या डोळ्यानं नीट पाहून घेतलं. साठवणीला.

२७ डिसेंबर

लिहू नये असं वाटतं, पण दुसरं सांगायचं कुणाला?

दुपारी सुगंधा गुणवंतरावांकडे तिळाचं वाण पाहायला गेली. घरात कुणी नव्हतं. आधीच मोजून ठेवलं होतं: ओसरीच्या पायरीपासून विहीर एकवीस पावलं. डोळे मिटले आणि निघालो. दहापर्यंत ठीक. चौदाव्या पावलाला कळलं की काहीच कळत नाही. पायाखाली सगळीकडे तेच. पुढे तेच, बाजूला तेच. मी वळलो होतो का? माहीत नाही. हट्टानं डोळे उघडले नाहीत. हात पसरून चाललो.

गुडघ्याला विहिरीचा कठडा लागला. तो गुडघ्याएवढाच आहे. वरचं अंग पुढे गेलं होतं.

मातीच्या अंगणात उंबराखालचा खळगा होता. राख टाकायची भुसभुशीत जागा होती. गायीच्या खुरांनी उखणलेला तुकडा होता. वीस वर्षांत माझ्या पायांना ते सगळं पाठ झालं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मीच हौसेनं घासून पुसून टाकलं. चार शास्त्रं शिकलेल्या माणसानं स्वतःचं अंगण स्वतःला अनोळखी केलं.

ओसरीच्या पायरीवर बसून राहिलो. सुगंधा आली तेव्हा विचारलं, "काय ठरलं तिळाचं?"

३० डिसेंबर

सकाळी अंगणात छन्नीचा आवाज. लालसू माझ्या गुळगुळीत दगडांना जात्यासारखी टाकी लावत बसलेला! ओसरीच्या पायरीपासून विहिरीकडे एक हातभर रुंद खरबरीत पट्टा. रंगलेल्या लुगड्यावर डांबर सांडावं तसा.

"कुणी सांगितलं हे?"

"बाईनं बलावलं."

सुगंधा चुलीपाशी. "घागर घेऊन घसरते मी. म्हून."

"तू कधी घसरलीस?"

"घसरीन तवा सांगू का?"

चार-पाच दिवस टकटक चालणार म्हणे. मी रागावून कानात कापूस घातला. कापसातूनही ऐकू येतं.

४ जानेवारी १९५५

लालसू काल गेला. मजुरीबरोबर पोथीतला तो नादाचा श्लोक म्हणून दाखवला, त्यानं मन लावून ऐकला आणि म्हणाला, "बराबर आहे."

आज अंगण रिकामं पाहून पायरीशी डोळे मिटले. तळव्याला टाकी लागली. रेघा उभ्या, चालायच्या दिशेनं. पाय त्यांवरून आपोआप जातो. बाहेर पडला की गुळगुळीत लागतं आणि आपण मागे येतो. एकोणिसाव्या पावलाला रेघा एकदम आडव्या झाल्या. थांबलो. वाकून हात लावला: कठडा दोन पावलांवर.

तिथून एक फाटा फाटकाकडे. फाटकाशी पुन्हा आडव्या रेघा.

परत फिरलो. पायरीशी थांबेन असं वाटलं होतं. पण पट्टा वळला आणि ओसरीच्या कडेनं थेट माझ्या बैठकीपाशी येऊन संपला.

बैठकीपाशी घागर घेऊन कुणी येत नाही.

विचारलं नाही.

६ जानेवारी

अक्षर सुगंधाचं आहे, मजकूर माझा. लग्नानंतर पाटीवर मीच शिकवलं. आता माझ्यापेक्षा वळणदार काढते. मघाशी वही तिच्यापुढे ठेवून म्हटलं, "मला काचबिंदू झालाय. आजपासून तू लिही." तिनं दचकायला हवं होतं. तिनं टाक घेतला, तारीख घातली आणि म्हणाली, "वाळवी नाई लागली वहीले. रोज झटकत होती मी." पुढची नागपूरची बातमीही तीच लिहिणार आहे. मी विचारत जाईन, काय दिसतंय.

खालची ओळ माझी नाही. ती मला वाचूनही दाखवत नाही.

वरणात मीठ कमी झालं तर आता तोंडानं सांगत जा जी.