'आत' आणि 'बाहेर'

१० ऑक्टोबर २००५

दसऱ्याची साफसफाई. आई घराबरोबर माझं सायबर कॅफेही धुवायला निघाली होती. मी दारात आडवी उभी राहिले म्हणून वाचलं.

बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांचे सहा कॉम्प्युटर. आतल्या खोलीत, टेलिफोनशेजारी, माझा राउटर — म्हणजे एक म्हातारा पेंटियम, पोटात दोन नेटवर्क कार्डं. एका कार्डात मोडेमची वायर, म्हणजे इंटरनेट. दुसऱ्यात त्या सहा कॉम्प्युटरांची वायर. दोन्ही वायरी निळ्या, दोन्ही कपाटामागून येतात. पुन्हा लावताना घोळ नको म्हणून मागच्या सॉकेटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. इंटरनेट म्हणजे बाहेरचं जग, तिथे 'बाहेर'. आपले कॉम्प्युटर म्हणजे घरचे, तिथे 'आत'. स्वतःच्या हुशारीवर फार खूश आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

बाबांनी शस्त्रपूजा केली. शस्त्रं पुढीलप्रमाणे: स्कूटर, टाइपरायटर, आईची विळी आणि माझा राउटर. कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल — फूल नेमकं पंख्याच्या जाळीवर!

बाबा म्हणजे प्रभाकरराव, निवृत्त हेडक्लार्क. अजून एक ईमेल पाहिलेला नाही, पण राउटरला हात जोडले. आणि हेच बाबा पोळ्याला म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत पाहू. नाई जमलं तं खोली हिरालालजीले देऊ. ते मोबाईलच्या दुकानासाठी मागून राह्यले." बरोबर आहे. बळी द्यायच्या आधी बकऱ्यालाही कुंकू लावतातच.

१३ ऑक्टोबर

सकाळी दुकान उघडलं, नेट बंद. दोन्ही कार्डांचे दिवे हिरवेगार, जसं काही झालंच नाही. आकडे पाहिले: माहितीची जाणारी पॅकेटं ढीगभर, परत येणारं एकही नाही. मावशी माझे बायोडाटे पाठवते त्यांच्यासारखंच.

कंटाळून दोन्ही वायरींची अदलाबदल केली. चालू! म्हणजे यंत्र सुरू होताना पहिलं कार्ड कोणतं अन् दुसरं कोणतं हेच विसरतं. राउटर ज्यावर चालतो त्या लिनक्सला ही खोड असते असं वाचलं होतं. फुकटात मिळालेल्या वस्तूकडून आणखी काय अपेक्षा करणार.

१४ ऑक्टोबर

पुन्हा उलट. पुन्हा अदलाबदल. पुन्हा चालू.

१५ ऑक्टोबर

तेच. पॉलिटेक्निकचा भूपेंद्र, माझं सगळ्यात इमानदार गिऱ्हाईक, सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तुमचं नेट रोज सकाळी आंघोळीले जाते काय?" सगळे हसले. मीही हसले, दात दाखवायला काय जातं.

१७ ऑक्टोबर

प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो, जगात दुसऱ्या कोणाचा नाही असा. तो सेटिंगमध्ये लिहून टाकला. हा नंबर म्हणजे पहिलं, हा नंबर म्हणजे दुसरं. आता बापजन्मात विसरणार नाही. पाच वेळा बंद-चालू करून पाहिलं, पाचही वेळा ठणठणीत. आज शांत झोप.

१८ ऑक्टोबर

उलट.

आईला सांगितलं, बिघाड बाहेरच्या कार्डाकडे दिसतो. ती हळूच म्हणाली, "काही बाहेरचं तं नसंल नं व?" आणि राउटरवर लिंबू-मिरची बांधून गेली. घरात कोणीतरी निदान केलं, हेही नसे थोडके.

२० ऑक्टोबर

भूपेंद्र पिपरीच्या कॅफेत जायला लागला. त्याच्यामागे त्याची सगळी बॅच. हिरालालजी संध्याकाळी गेटवर बाबांशी हसतखिदळत बोलून गेले. शटरचा रंग ठरला असणार.

वाईट वाटतंय, ते इथे तरी लिहू दे. या खोलीशिवाय माझं म्हणावं असं या गावात काही नाही.

२२ ऑक्टोबर

नंबर पक्के केल्यावर यंत्र विसरूच शकत नाही. मग उरतो कोण? माणूस. मोडेमच्या वायरीला टोकाशी बारीक लाल दोरा बांधून ठेवलाय.

२३ ऑक्टोबर

लाल दोरा सकाळी 'आत'च्या सॉकेटमध्ये!

घरात आम्ही तिघं. आई त्या खोलीत लिंबाशिवाय कशाला हात लावत नाही. म्हणजे बाबा. खोली द्यायची तर सरळ द्यायची, मुलीचं दुकान असं चोरून मारायचं? जेवले नाही. आईने विचारलं तर डोकं दुखतं म्हटलं.

२४ ऑक्टोबर

सकाळी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बाबा आंघोळ करून आले, ओलं फडकं घेऊन. राउटर पुसला, मागून, पुढून, देव पुसावा तसा. मग चष्मा नाकावर ओढून माझी चिठ्ठी वाचली — "बा-हेर." कपाटामागून वायर बोटाने चाचपत बाहेरच्या खोलीपर्यंत गेले, परत आले, दोन्ही वायरी काढल्या आणि बदलून लावल्या.

मी पुढे झाले. "बाबा, हे काय करून राह्यले?"

ते दचकले. मग म्हणाले, "अवं, तूच लिहिलं नं? बाहेर. ही वायर येते बाहेरच्या खोलीतून, ते बाहेरमधीच जाईन. फोन आतल्या खोलीत, त्याची आतमधी. पूजेच्या दिवशीच पाह्यलं, उलटं लावलं होतं. मी रोज सरळ करतो, तू रोज उलटं करून ठेवतं."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"गिऱ्हाइकासमोर तुझी चूक काऊन काढायची?"

तीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे लाल पेनाने सुधारले. माझाच तेवढा गुपचूप सुधारला. मला हसू आलं, रागही आला, आणि भूक फार लागली होती. पोहे दोनदा घेतले.

२५ ऑक्टोबर

नव्या चिठ्ठ्या: 'फोन' आणि 'दुकान'. बाबांनी वाचून मंजुरी दिली. नेट दिवसभर चालू. भूपेंद्रला निरोप धाडला. पण दिवाळी आठवड्यावर आली आणि माझ्या खुर्च्या रिकाम्या आहेत. बाबा मुदतीबद्दल अवाक्षर काढत नाहीत, मीही नाही.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

हिरालालजी पेढ्यांचा डबा घेऊन आले. त्यांचं दुकान आज उघडलं — आर्वी नाक्यावर. मी म्हटलं, "तुम्ही तं आमची खोली घेणार होते नं?"

"तुले मालूम नाई? तुया बाबानं दसऱ्यालेच नाई म्हटलं मले. म्हने, मशीनची पूजा झाली, आता ते घरचं झालं, तिथून हलवत नाई."

आत वळले तर बाबा डबा घेऊन दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभे. "नमू, हा आत ठेवू का बाहेर?"