पापडाच्या खोलीतले उंदीर

आई, आज सकाळी शेजारीण उंदीर चिकटवायचा गोंदाचा पुठ्ठा घेऊन आली आणि मी तो तिला तसाच परत दिला. "काकू, कोपऱ्यात ठेवायचा आणि चिकटला की उचलून फेकायचा, काय त्रास नाय," ती म्हणाली. चिकटलेला उंदीर तासन्‌तास जिवंत ओरडत असतो, हा त्रास कोणाचा, असं मी विचारलं. तेवढ्यात तिची नजर ओट्याखाली ठेवलेल्या, लवंगेच्या तेलात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यांवर गेली आणि तिला हसू आलं. "रोह्यातला उंदीर केमिकल कंपन्यांच्या वासाला भीत नाय, तो तुमच्या लवंगेला भिणार व्हय?" मी म्हटलं, "माझ्या घरात शेवटचा उंदीर कधी पाहिलास ते सांग." ती पुठ्ठा काखेत मारून घरी गेली. हेच तुला कळवायचं होतं. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पण आपला वाद मिटला असं मी मानत नाही.

पेणच्या घरातली मागची खोली तू पापडांसाठी राखली होतीस. भिंतीला लागून पत्र्याचे डबे, मधे चटया, कोपऱ्यात उखळ. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत पोह्याचं पीठ कुटायचा आवाज, आणि पाटापोळपाटांभोवती बसलेल्या पाच-सहा बायका. त्यांत गडब गावची एक मावशी होती, तिचं तोंड लाटण्याहून जोरात चालायचं. अर्धवट वाळलेले पापड तू सुपांत थप्प्या लावून कापडाखाली ठेवायचीस आणि सकाळी कापड उचललं की कडा कुरतडलेल्या. एक कड कुरतडलेली दिसली की तू अख्खी थप्पी टाकून द्यायचीस. तिथे तुझ्या सचोटीला तोड नव्हती, हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तू म्हणायला नको की पोरीला काही दिसलंच नाही.

पण उंदीर मारायला तू तयार नव्हतीस. सापळा नको, विष तर नकोच. "आपल्या गल्लीत घरोघरी बाप्पा घडतो. त्याच्या पायाशी बसणाऱ्याला विष घालायचं नाय," हे तुझं उत्तर. मला ते कारण तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. खाण्याच्या खोलीत विष नको, एवढं साधं कारण पुरेसं होतं. बाप्पाला मधे आणायची गरज नव्हती. विषाऐवजी तू डब्यांखाली निरगुडीचा पाला पसरायचीस, दर शनिवारी नवा. तुझ्या आईने तिच्या आईकडून घेतलेला उपाय. त्याबद्दल प्रश्न विचारलेला तुला खपत नसे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मेच्या सुट्टीत घरी आले आणि एका दुपारी शेवटचा डबा सरकवला, तर मागे उंदराचं घरटं. तुझ्याच निरगुडीच्या वाळक्या पानांचं, नीट कातरून रचलेलं, आत गुलाबी पिल्लं. मी तुला हाक मारते. तू येतेस, बघतेस, पदर तोंडाला लावतेस आणि म्हणतेस, "पाला जुना झाला आसंल." बस. मी सांगत राहते की वास उडाला की पाला नुसता पाचोळा होतो, तेल जास्त टिकेल, आणि उखळामागचं भोक बुजवलं पाहिजे. तू ऐकत नाहीस. त्या भोकाजवळचं उखळ हलवायचं म्हणजे चार दिवस काम थांबणार, आणि रोह्याच्या एका लग्नघराचे पापड दहा-बारा दिवसांत द्यायचे होते.

म्हणून मी बाजारातून लवंगेचं तेल आणलं. घरटं सुपात उचलून मागच्या कुंपणापलीकडे ठेवलं आणि खोलीभर बोळे ठेवले: डब्यांमधे, उखळामागे, सुपांच्या कडेने. पाच दिवस एकही कड कुरतडली गेली नाही. एकही नाही, आई. तू रोज सकाळी कापड उचलून बघत होतीस आणि पुन्हा झाकत होतीस. सहाव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. अंगणातले ओलसर पापड बायकांनी घाईघाईने आत आणले, दार-खिडकी लावून घेतली, आणि मी बोळे काढले नाहीत. माझ्या डोक्यातच आलं नाही. पेणमधे जन्मलेल्या मुलीला ओला पापड वास पितो हे सांगावं लागतं का? लागलं.

दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखा एक पापड भाजलास. गडबच्या मावशीने तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बरा झालाय गो. वऱ्हाडातल्या सगळ्यांच्या दाढा बऱ्या व्हतील." बायका खो खो हसल्या. तू हसली नाहीस. "कालेज शिकलीस तर नाक कुठं गहाण टाकलंस?" तू सगळ्यांसमोर म्हणालीस. "ह्या खोलीत पुन्ना पाय ठेवू नको." लग्नघराचे सगळे पापड पुन्हा लाटले गेले. मी लाटणं घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा तू माझ्याकडे न बघता लाट्यांचं ताट गडबच्या मावशीपुढे सरकवलंस. तीन दिवस तुम्ही पहाटेपासून बसत होतात आणि मी ओटीवर बसून तुमची लाटणी ऐकत होते. मला ती खोली हवी होती. कॉलेज संपलं की तुझ्याबरोबर हे काम करायचं, ते वाढवायचं, असं मी ठरवलं होतं. तुला ते कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी रोह्याला आले.

पापड मी बिघडवले. पण उंदरांबाबत मी बरोबर होते आणि ते तू एकदाही म्हणाली नाहीस. इतकी वर्षं हे घर मी त्याच रीतीने राखलंय. वासाने उंदीर दचकतो, दोन-चार दिवस वाट बदलतो, याहून जास्त काही होत नाही. त्या दिवसांत भोक शोधायचं, तारेची घासणी कोंबायची, वरून सिमेंट लिंपायचं. बोळे चौथ्या दिवशी बदलायचे. खाण्याचं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. निरगुडीही ठेवते, ताजी असेल तोवर. तुझी रीत टाकून दिली नाही, तिची मुदत तेवढी ओळखली. शेजारणीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, तुम्ही वर्गात शिकवायला पाहिजे होतं." मी म्हटलं, शिकणारं कोणी पाहिजे ना.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. तू मला त्या खोलीबाहेर काढलंस, दार तू लावलंस, असं मी सगळ्यांना सांगत आले. माझ्या मुलांनाही हेच ठाऊक आहे. पण त्याच वर्षी पाऊस सुरू व्हायच्या थोडं आधी तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली होतीस. हात पिठाचे होते. "उखळ हलवलाय," तू म्हणालीस, "भोक मोठा हाय. ते तुझं तेल हाय का गो थोडं?" मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. संपलं, म्हणाले. तू हात पदराला पुसलेस आणि गेलीस.

संपलं नव्हतं. माझ्या ट्रंकेत अर्धी बाटली होती.