अवीचं दुमागेते

३ जानेवारी, शनिवार

सकाळपासून टीव्हीवर कासवं. अवी सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप, समोर कोणी यूट्यूबर पाण्याखाली कासवाच्या मागे पोहतोय. फिलिपिन्स. आपो नावाचं बेट. "किनाऱ्याजवळच चरतात बघ, गायींसारखी." ऑगस्टमध्ये कंपनीने घरी बसवल्यापासून नवरा एखाद्या गोष्टीवर इतकं सलग बोलला नव्हता. म्हणून हो म्हटलं. फेब्रुवारीत जायचं. म्हणजे यंदाची नागपूरची फेरी रद्द. आईला फोन करून सांगायचं काम अर्थातच माझं.

८ जाने.

तिकिटं झाली. त्याने बेत वाचून दाखवला. आधी बोहोल: चॉकलेट हिल्स, मग टार्सियर म्हणून मुठीएवढा प्राणी, डोळे फक्त मोठे. मग सिकिहोर बेट, धबधबे. शेवटी दुमागेते, सगळ्यात जास्त दिवस तिथेच.

"दुमागेतेत बघायला काय आहे?"

"गाव आहे. समुद्राकाठी रस्ता आहे. संध्याकाळी लोक चालतात."

चालायला इथे फ्रीमाँटमध्ये लेक एलिझाबेथचं तळं आहे की, घरापासून दहा मिनिटांवर. म्हटलं तसं. हसला नाही.

१७ जाने., शनि.

माधुरीकडे हळदीकुंकू. बायका आत, पुरुष बॅकयार्डमध्ये. जेवायच्या वेळी सगळे एकत्र आले. माधुरीचा संजय ताटात पुरणपोळी वाढता वाढता म्हणाला, "वहिनी, दुमागेतेला शिफ्ट झालात की आमच्यासाठी एक गेस्ट रूम ठेवा."

मला वाटलं चेष्टा. माधुरीकडे बघितलं तर ती तुपाचं भांडं घेऊन आत गेली. तेव्हा कळलं. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. बॅकयार्डमधल्या सगळ्या पुरुषांना ठाऊक होतं. मला सोडून.

पोळी संपवली. वाण घेतलं. सगळ्यांना नीट बाय केलं.

गाडीत, ८८० फ्रीवेवर:

"कधीपासून?"

"ऑक्टोबर. नुसता विचार चालू होता."

"संजयला सांगितलंस."

"तुला तिथे गेल्यावर सांगणार होतो. समुद्र बघितला असतास तर तू वेगळी बोलली असतीस."

समुद्र दाखवून. मी काय चार वर्षांची आहे? कासव दाखवायचं, धबधबा दाखवायचा, आणि पोरगी खूश झाली की हळूच सांगायचं, आता आपण इथेच राहायचं.

घरापर्यंत वाण मांडीवर धरून बसले.

१८ जाने.

सकाळी बोललो. बोललो म्हणजे भांडलो.

त्याचं म्हणणं: अठ्ठावन्नाव्या वर्षी इथे त्याला कोणी उभं करत नाही. इंटरव्ह्यूला स्क्रीनवर पोरं येतात, आमच्या ईशाच्या वयाची, आणि कॅमेरा बंद ठेवून प्रश्न विचारतात. "इथे मी रोज दार उघडून कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतो आणि आत येतो. एवढाच माझा दिवस." तिथे स्वस्ताई, इंग्लिश बोलणारे लोक, समुद्र. आमच्यासारखे कितीतरी गेलेत म्हणे.

माझं म्हणणं: तुझ्या नोकरीसाठी नागपूर सोडलं. तुझ्या नोकरीसाठी ह्यूस्टनला बसले, ईशाला कडेवर घेऊन. तुझ्याच नोकरीसाठी फ्रीमाँट. चाळिशी उलटल्यावर कॉलेजला गेले, लॅबची परीक्षा दिली, लायसन्स काढलं. या देशात माझं स्वतःचं असं तेवढं एक आहे. तुझी नोकरी गेली म्हणून आता माझीही सोडायची?

तो म्हणाला, "तू नेहमी असं बोलतेस जसं मी तुला ओढत आणलं."

आणलंसच.

दुपारी माझं तिकीट कॅन्सल केलं. त्याच्या समोर बसून केलं.

२२ जाने.

लॅबमध्ये मारिसेलला कळलं. मीच बोलले, राहवलं नाही. ती आणि मी किती वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसतोय, ती मासळीचं सगळं सांगते, मी पालेभाज्यांचं. तिचं गाव दुमागेतेपासून तासाभरावर. इतकी वर्षं मला गावाचं नावही नीट माहीत नव्हतं.

ती खूश होईल असं वाटलं होतं. झाली नाही. म्हणाली, "तुम्ही लोक कासवं बघायला जाता. मी तिथे मयतालाच जाते. वडील, काकू, मागच्या वर्षी भाऊजी."

मी म्हटलं, "मी जातच नाहीये. तिथे आहे काय जन्म काढण्यासारखं?"

तिने हातमोजे काढले, डब्यात टाकले, उठून गेली. दिवसभर बोलली नाही. जे बोलले ते अवीला बोलायचं होतं, समोर ती होती. पण ती तरी पहिलं वाक्य तसं का बोलली.

३१ जाने.

ईशाचा सिएटलहून फोन. बापाने तिला आधी गाठलेलं दिसतं.

"आई, यू आर पनिशिंग हिम."

"आणि तो काय करतोय?"

"ही'ज डिप्रेस्ड, आई. यू डोंट सी इट?"

दिसतं. मला रोज दिसतं, तुला महिन्यातून एकदा फेसटाइमवर. तो डिप्रेस्ड आहे म्हणून मी माझं आयुष्य उचलून पॅसिफिकपलीकडे नेऊन ठेवायचं, असं कुठल्या डॉक्टरने लिहून दिलंय? हे तिला मराठीत म्हटलं. अर्धं कळलं असेल. "ओके, आय कान्ट" म्हणून फोन ठेवला.

७ फेब्रु., शनि.

त्याला एअरपोर्टवर, एसएफओला सोडलं. उबर करतो म्हणाला, पण मी किल्ल्या घेतल्या. का, ते विचारू नये. ब्रिजवर ट्रॅफिक. तो खिडकीतून बाहेर बघत होता. नवी टोपी. ती टोपी बघून इतका राग आला की एक्झिट चुकले.

टर्मिनलच्या दारात: "जेवत जा नीट." हे तो मला म्हणाला. मी ट्रंक उघडून दिली.

१० फेब्रु.

बोहोलचे फोटो. चॉकलेट हिल्स हिरव्यागार आहेत. खाली लिहिलंय, उन्हाळ्यात गवत वाळलं की तपकिरी होतात, आत्ता नाही. म्हणजे नाव एक आणि माल वेगळा. ओळीने मांडलेल्या टेकड्या, जिकडे बघावं तिकडे, लाडू वळून ठेवल्यासारख्या. सुंदर आहेत. उत्तर दिलं नाही.

टार्सियरचा व्हिडिओ. फांदीला चिकटून झोपलाय. अवी कुजबुजतोय, "आवाज करायचा नाही असं सांगितलंय. फार घाबरट असतो. माणसं जास्त जवळ गेली तर मरून जातो म्हणे." आणि पुढे हळूच, "बघ की."

बघितलं. दोनदा. त्याला कळवलं नाही.

१३ फेब्रु.

लोबोक नदीवर बोटीत जेवण. काठावर बायका गात नाचत होत्या, हा त्यांच्याबरोबर नाचला. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माधुरीने किती हात ओढला तरी खुर्चीवरून उठला नव्हता.

लॅबमध्ये मारिसेल कामापुरती बोलते. "सॅम्पल रिजेक्ट केलं." "फ्रिज बंद कर." मी पण तेवढंच.

१५ फेब्रु., रवि.

व्हिडिओ कॉल. सिकिहोर नंतर, आधी दुमागेते गाठलंय. माझं रात्रीचं जेवण चालू, त्याच्याकडे सोमवारची सकाळ. मी उचलला तेव्हा कॅमेरा त्याच्यावर नव्हता. एका घरात फिरत होता. लाकडी जिना, वर दोन खोल्या, मागे नारळ. बरोबर एक बाई, घरमालकीण. त्याने फोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "धिस इज माय वाइफ." ती हसून म्हणाली, "मॅम, युवर हजबंड सेज यू लाइक टु कुक. किचन इज बिग."

मी हसले. काय करणार, त्या बाईचा काय दोष. किचन मोठं आहे म्हणाले. फोन ठेवला आणि मेसेज केला: परक्या माणसासमोर मला पुन्हा असं उभं करू नकोस.

त्याचं उत्तर: तू कशीच उभी राहत नाहीस.

हे वाक्य तेव्हापासून डोक्यात.

१७ फेब्रु.

ईशाचा फोन, रडत. बाबा सिकिहोरला भाड्याच्या स्कूटरवरून पडला. धबधब्याहून उतरताना वळणावर खडी होती. उजवा खांदा, कॉलरबोन मोडलं. बोटीने दुमागेतेला हॉस्पिटलमध्ये आणलंय. मला कळवू नकोस म्हणाला होता, तिने कळवलं.

त्याला लावला. उचलला नाही. परत लावला. नर्सने उचलला, झोपलाय म्हणाली. बाकी तिला माझं कळेना, मला तिचं.

मग मारिसेलकडे गेले. ब्रेकरूममध्ये सूप गरम करत होती. सांगितलं. वाटलं होतं ऐकवेल काहीतरी, तिचा हक्क होता. तिने मायक्रोवेव्ह मध्येच बंद केला, फोन काढला, आणि त्यांच्या भाषेत कोणाशी तरी बोलत राहिली. मग मला म्हणाली, "माझा भाऊ निघालाय. तिथे नातेवाइकाला थांबावं लागतं, औषधं बाहेरून आणून द्यावी लागतात. एकट्या माणसाचं काम नाही."

मी आभार मानायला लागले.

"थँक यू म्हणू नकोस. मी अजून चिडलेली आहे."

सूप घेऊन बाहेर गेली.

१९ फेब्रु.

अवीशी बोलले. आवाज बारीक. मारिसेलचा भाऊ रात्रभर बाकावर झोपला होता, सकाळी त्याची बायको तांदळाची पेज घेऊन आली. ऑपरेशन नको, पट्टा बांधलाय.

"म्हण आता," तो म्हणाला.

"काय?"

"मी सांगितलं होतं म्हण."

नाही म्हटलं. विमान पुढे ढकललंय का, एवढंच विचारलं. खरं तर जिभेवर होतं. खांदा मोडलेला माणूस म्हणून थांबले.

मग तो म्हणाला, "पडलो तरी मी इथे परत येणार आहे. हे तुला आत्ताच सांगतो, नाहीतर परत म्हणशील लपवलं."

ठीक आहे म्हटलं.

२५ फेब्रु.

आला. व्हीलचेअरवरून बाहेर आणलं, हात गळ्यात. काळा पडलाय, बारीक झालाय. टोपी नाही. मिठी मारायला पुढे झाला आणि खांदा आठवून थांबला. मी बॅग घेतली.

१ मार्च, रवि.

त्याला आंघोळ घालते. शर्टाची बटणं लावते. जवळ उभं राहून एवढं न बोलणं जमतं हे माहीत नव्हतं.

माधुरी खिचडी घेऊन आली. माझ्याशी बोलायला लागली तेव्हा सरळ विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "अवीने शपथ घातली होती. आणि मला वाटलं, तू ऐकलंस तर त्याला मोडून काढशील." मोडून. डबा रिकामा करून, धुऊन, तिच्या हातात दिला. परत यायचं निमित्त नको.

४ मार्च

मारिसेलच्या भावाला काहीतरी पाठवायचं होतं, तिला विचारलं काय आवडेल. म्हणाली, काही नको, फोन करा त्याला, तो विचारत असतो. मग स्वतःहूनच: तिच्या आईचं घर तिकडे बंद पडलंय. डोंगराच्या बाजूला, मागे दोन जुळी तळी आहेत, पर्यटक येतात, होड्या भाड्याने घेतात. तिने ती तळी शेवटची बघितली तेव्हा नववीत होती. "गेले की हॉस्पिटल, चर्च, स्मशान. मग सुट्टी संपते."

अजून चिडली आहेस का, विचारलं. "थोडी," म्हणाली.

८ मार्च, रवि.

दुपारची शिफ्ट. निघायच्या आधी अवी लॅपटॉप घेऊन टेबलाशी आला. डाव्या हाताने एक एक अक्षर शोधत होता. घरमालकिणीला ईमेल करायची होती. लिहून देशील का, म्हणाला. त्याला पुन्हा विचारायला लागू नये म्हणून बसले.

त्याने सांगितलं, मी टाइप केलं. डिअर मिसेस. खांदा बरा आहे. तुमच्या लोकांनी काळजी घेतली. घर आवडलं. मग तो थांबला, बाहेर शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेकडे बघत म्हणाला, "वी विल कम इन जून."

माझी बोटं थांबली.

"वी?"

"तू लिहितेस," तो म्हणाला. "तुला वाटेल ते लिही."

"तुला काय वाटतं ते सांग ना सरळ."

"मी सांगितलं."

मी 'डब्ल्यू' टाइप केला. पुसला. 'आय' टाइप केला, एकच अक्षर, स्क्रीनवर उभं. तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी त्याच्याकडे वळून बघितलं नाही.

उशीर होत होता. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून निघाले. ड्राइव्हवेमधून गाडी काढताना खिडकीत दिसला, खुर्चीवर बसला होता, डावा हात कीबोर्डवर. त्याने काय केलं ते लॅबमध्ये पोचेपर्यंत फोन करून विचारता आलं असतं.

ब्रेकमध्येही विचारलं नाही.