मापाची नळी

नंदनवन, नागपूर

प्रिय प्रेमलताताई,

तुमच्या भावाच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे. आतून कापडी नळी बसवायची आहे. मूत्रपिंडाच्या वाहिन्यांसाठी नेमकी काजं ठेवून मापाने शिवलेली उत्तम, पण ती यायला दोन महिने लागतात. तयार नळी उद्याच बसेल, फक्त कडेने रक्त झिरपायची भीती.

हे म्हणाले, "रेडीमेड मले कधी बसलं काय वं? मापाचीच सांग." जन्मभर तुम्ही शिवलेले सदरे घातलेत त्यांनी.

डॉक्टर म्हणतात, दोन महिने थांबलो तर वाहिनी फुटेल. मी तयार नळीच्या संमतीपत्रावर सही केली आणि यांना म्हटलं, "मापाचीच आहे." तुम्हाला खोटं जमत नाही, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

थकले, ताई. उद्या हे शुद्धीवर आले की विचारतील, "नीट बसली काय वं?" तेवढं उत्तर तरी खरं देता यावं.

तुमची,
कुमुदिनी