पन्नास पावलांवरची विहीर

१२ फेब्रुवारी १९६८, अमरावती
आमच्या पाहणी कचेरीचे साहेब मुंबईहून कॉम्प्युटरचे कागद घेऊन आले. आम्ही अकोल्याकडच्या गावांत दारोदार फिरून भरलेले फॉर्म तिथं भोकं पाडून कार्डांवर उतरवले, आणि यंत्रानं म्हणे अख्खी गावं आकड्यांत चालवली. माणसं उठतात, पाणी आणतात, शेतावर जातात. नवी विहीर कुठं खणली तर कोणाची पायपीट वाचेल, तेही सांगतं. मी तर चाटच पडलो.

१३ फेब्रु.
यादी वाचली. नव्या विहिरींत माझ्या मावशीचं गाव नाही! शेरा : पाणी सर्वांना जवळ. तिच्या वस्तीपासून विहिरीचं अंतर मीच लिहिलेलं, पन्नास पावलं. आहेतच पन्नास. पण आमच्या बौद्ध बायांना विहिरीला हात लावता येत नाही. घागर ठेवून लांब उभं राहायचं, वरच्या आळीतल्या बाया ओततील तेव्हा ओततील. दीक्षेला अकरा वर्षं झाली तरी तेच. हे मला ठाऊक नव्हतं? पण फॉर्म भरायला गेलो त्या दिवशी पाटलांनी खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. त्या कौतुकात शेऱ्याची जागा कोरी ठेवली. लाज वाटते स्वतःची.

१५ फेब्रु.
साहेबांना सगळं सांगितलं. ते पुण्याचे, विश्वासच बसेना. "अहो, हा तर गुन्हा आहे!" मग म्हणाले, किती वेळ ताटकळतात, पाणी कोणाच्या हातचं, नावानिशी लिहून आणा. नावांशिवाय वरचे मानणार नाहीत. सोमवारी कागद मुंबईला जातील, पुन्हा चालवू.

१८ फेब्रु., रविवार
बडनेऱ्याहून गाडी, अकोल्याहून एसटी. घड्याळ घेऊन विहिरीपाशी उभा राहिलो. मावशी पाऊण तास उन्हात. शेवटी पाटलांच्या धाकट्या सुनेनं घागर भरली. ती रोजच भरते, सासूची नजर चुकवून. मी नाव विचारताच मावशी उखडली. "तिचं नाव काहून लिवून राह्यला? पोलीस तिच्याच दारी येतीन. मंग आमाले पानी कोन देईन, तुही मशीन?"
"नवी विहीर होईल, मावशी."
"कधी?"
मी पेन खिशाला लावलं.

१९ फेब्रु.
वेळ लिहिली. नाव नाही. साहेबांना म्हटलं, नाव गेलं तर आज मिळतं ते पाणीही बंद होईल. त्यांनी चष्मा पुसला. "मग असं करू, ती पाणी देईनाशी झाली तर काय होतं, तेही यंत्रावर चालवून बघू."
खरंच म्हणाले. चांगला माणूस आहे, आणि असं म्हणाला. मावशीची तहान म्हणजे कार्डावरचं आणखी एक भोक.
मुंबईची गाडी चारला. साडेतीन झालेत. फॉर्म अजून माझ्याच खिशात, नावाची जागा कोरी.