पुठ्ठ्याची पावली

मरोळ, अंधेरी (पूर्व)
१० जानेवारी १९७५

प्रिय कमल,

हे पत्र टपालाने न येता लवूच्या हातून आलंय, तेव्हाच तू ओळखलं असशील की ते घरात मोठ्याने वाचायचं नाही. तुझ्या भावाला मुलुंडच्या कारखान्यात नोकरी लागली त्याचा आईला एवढाच काय तो उपयोग. परवा मी तुझ्याकडे आले, चहा प्याले, पोहे खाल्ले, पण तुझ्याशी दोन शब्द धड बोलता आले नाहीत. तू सारखी आत-बाहेर करत होतीस आणि तुझ्या सासूबाई माझ्यासमोरून हलत नव्हत्या. पोट आता चांगलं दिसायला लागलंय गो. सातवा लागला. पहिल्या बाळंतपणाला लेक आईकडे येते, ही काही मी काढलेली रीत नाही. पण तुला इथे पाठवतील की तिथेच ठेवून घेतील या काळजीने गणपती झाल्यापासून मला गोड लागेनासं झालंय. आणि हे सगळं कशापायी, तर पुठ्ठ्याच्या एका तुकड्यापायी! आठवलं की अजून डोकं फिरतं माझं.

तुला गुणाजीचं दुकान आठवतं ना, नाक्यावरचं? तू परकरात होतीस तेव्हा मी तुला नुसती पिशवी देऊन पाठवायची. गुणाजी माल घालून द्यायचा, वहीत लिहायचा आणि तुझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. तुझ्या बाबांचा पगार झाला की आम्ही जाऊन हिशेब चुकता करायचो. कधी त्याने तोंड वाकडं केलं नाही, कधी आम्ही त्याला बुडवलं नाही. आता गुणाजीला दिसत नाही, म्हणून गल्ल्यावर त्याचा दशरथ बसतो. हा दशरथ कॉमर्सला दोन वर्षं जाऊन आलाय, तेव्हापासून दुकानात रोज नवा कायदा. आधी खातं बंद केलं, रोख असेल तर या म्हणाला. बरं, म्हटलं, महागाई आहे, त्यालाही माल रोखीनेच आणावा लागत असेल. मग घरी माल पोचवायचे पैसे लावले. तेही मान्य, मला दोन हात आहेत, मी उचलून आणते. मग म्हणाला, दहाची नोट मोडून हवी तर अमुक एका रकमेचा माल घ्या, नाहीतर वटाव कापीन. म्हणजे माझीच नोट, मीच गिऱ्हाईक, आणि माझेच पैसे मला सुटे करून द्यायचे तर त्याला वरून पैसे! सोनार असल्यासारखा बोलतो मेला.

पण खरी वाट लागली ती त्याच्या कुपनांनी. गेल्या वर्षापासून बाजारातली नाणी कुठे गडप झालीयेत देव जाणे. कोण म्हणतं वितळवतात, कोण म्हणतं साठवून ठेवतात. पहिल्यांदा दशरथ सुट्ट्यांच्या बदली लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. आता मला सांग, माझ्या वयाच्या बाईने किती गोळ्या चघळायच्या? बायकांनी आरडाओरडा केला, तेव्हा त्याने पुठ्ठ्याचे गुलाबी तुकडे छापून आणले. पाच पैसे, दहा पैसे, पंचवीस पैसे. वर दुकानाचं नाव, खाली सही, आणि बारीक अक्षरात, फक्त याच दुकानात चालेल. म्हणजे एकदा त्याच्याकडे नोट दिली की उरलेल्या पैशांनी तू त्याचीच बांधील. समोरच्या दुकानात साबण स्वस्त असला तरी तो पुठ्ठा तिथे चालायचा नाही. आणि ज्याच्याकडे मोजून सुटी नाणी असतील त्याला मात्र हा वर थोडी सवलत देतो. बंगलेवाल्यांचे ड्रायव्हर बरण्या भरून नाणी आणतात आणि स्वस्तात माल नेतात. आमच्यासारख्यांच्या डब्यात पुठ्ठे.

तरी माणूस कशालाही सरावतो बघ. हळूहळू पिठाच्या गिरणीवाला ती कुपनं घ्यायला लागला, कारण त्यालाही तेल-मीठ दशरथकडूनच लागतं. मग इस्त्रीवाला घ्यायला लागला. देवळातल्या ताटातसुद्धा ती पडायला लागली. आमच्या गल्लीत तेच नाणं झालं. एकटी अंजनाबाई तेवढी हात लावायची नाही. तीच, वेसाव्याची कोळीण, तुला बोंबील आवडतात म्हणून निवडून द्यायची ती. तिचं म्हणणं, पहिल्या विक्रीचं नाणं ती कपाळाला लावते आणि टोपलीवर ओवाळते. पुठ्ठा कपाळाला लावून भवानी होते काय? आम्ही हसलो होतो तेव्हा तिला. मीच जास्त हसले होते.

मग गौरीला तू आलीस. दिवस राहिल्यावरची पहिली ओटी. तांदूळ निवडलेले होते, नारळ शेंडीचा, खण तुझ्या आवडीचा वांगी रंगाचा. वर सव्वा रुपया ठेवायचा तर रुपयाची नोट होती, पण पावली घरात नाही. तुझे बाबा सगळी गल्ली फिरून आले. कुणाकडे पंचवीस पैशांचं एक नाणं नाही! तुझी बस चुकत होती, जावईबापू दारात घड्याळ बघत होते. शेवटी तुझ्या बाबांनी डब्यातलं पंचवीस पैशांचं कुपन काढलं, रुपयाच्या नोटेत नीट घडी करून घातलं आणि म्हणाले, सव्वा झाला ना, घाल. मी घातलं. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही गो! रोज ज्याचं पीठ येतं, ज्याचं मीठ येतं, ते मला पैशासारखंच दिसत होतं. मुलुंडला जाऊन त्याचा नुसता गुलाबी पुठ्ठा होईल हे डोक्यातच आलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, मला नंतर लवूने सांगितलं. तुझ्या सासूबाईंनी ओटी सोडली, चार बायका बसलेल्या, आणि नोटेतून ते पडलं. एकीने वाचून दाखवलं म्हणे, गुणाजी किराणा भांडार, फक्त याच दुकानात चालेल. बायका हसल्या. तुझ्या सासूबाईंना वाटलं आम्ही त्यांची थट्टा केली. ज्यांना लेकीच्या ओटीत घालायला पावली जुळत नाही ते तिचं बाळंतपण कसलं करणार, असं त्या म्हणाल्या. दिवाळीला तुला धाडलं नाही. तुझे बाबा त्या दिवशी फराळाला शिवले नाहीत. मला राग तुझ्या सासूबाईंचा आला, खोटं कशाला सांगू, खूप आला. पण त्याहून जास्त दशरथचा आला.

आणि त्याने कळस केला तो गेल्या महिन्यात. पाटी लावली, गुलाबी कुपनं बंद, आता हिरवी. कुणीतरी गुलाबी खोटी छापली म्हणे, म्हणून अमुक तारखेनंतर जुनी चालणार नाहीत. मला ती पाटी दिसली तेव्हा तारीख उलटून गेली होती. मी तो डबा तसाच उचलला आणि त्याच्या गल्ल्यावर उपडा केला. दुकान भरलेलं होतं, तरी बोलले, सगळं बोलले. तुझ्या सहीच्या पुठ्ठ्याने माझ्या लेकीचं माहेर तोडलं, असंही बोलले. मग दशरथ हळू आवाजात म्हणाला, मावशी, मलाही नाणी विकत घ्यावी लागतात, शंभराच्या सुट्ट्यांना दलाल वर पैसे मागतो, मी तरी कुठून आणू? मी म्हटलं, मग मी काय टाकसाळ काढू? आत खाटेवर गुणाजी बसला होता. त्याला दिसत नाही, ऐकू मात्र येतं. त्याने मान खाली घातली. कुपनं काही बदलून मिळाली नाहीत. मी रडत घरी आले, आणि रडले याचाच जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई आली. मी तिला नोट दाखवून विचारलं की एक पावली देशील का, वटाव हवा तर घे. कशाला हवी ते तिने खोदून खोदून विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर टोपली उचलून निघूनच गेली. मला वाटलं, हसले होते त्याचं उट्टं काढलं. पण दुपारी मासळी संपवून ती मुद्दाम परत आली, उन्हातान्हाची. कमरेची पिशवी सोडून तिने एक पावली माझ्या हातावर ठेवली. सकाळच्या भवानीची आहे, लेकीच्या ओटीत हीच घाल, म्हणाली. ते नाणं ती दिवसभर कुणाला देत नाही, म्हणून तेव्हा दिलं नव्हतं. वटाव नाही, काही नाही. पोरगी सुटली की मला सांग, एवढंच म्हणाली.

ती पावली रुमालाच्या गाठीत बांधून मी परवा तुझ्याकडे यायला निघाले. कुणाला न विचारता, न कळवता. म्हटलं, विहीण दारातून हाकलते तर हाकलू दे. घाटकोपरपर्यंत नीट आले. पुढच्या बशीत कंडक्टरने सुटे मागितले. माझ्याकडे ओटीची एक आणि परतीची एक अशा रुपयाच्या दोन नोटा आणि ती गाठ. तो म्हणाला, सुटे असतील तर बसा नाहीतर उतरा, मलाही कुठून आणायचे? गाठीकडे हात गेला होता माझा. पण नाही सोडली. भांडुपच्या अलीकडेच उतरले आणि तिथून भर उन्हात चालत तुझ्या घरी आले. म्हणून परवा माझा अवतार तसा होता, आणि चपलेचा अंगठा तुटला होता तो वाटेतच. तू विचारत होतीस, मी बस भरलेली होती म्हणाले.

तू आत चहा टाकायला गेलीस तेव्हा तुझ्या सासूबाईंनी पायाकडे बघितलं आणि विचारलं. मी ठरवून आले होते की गोड बोलायचं, नमतं घ्यायचं. पण माझा स्वभाव तुला माहीत. सगळं सांगून टाकलं. दुकान, कुपन, कंडक्टर, पावली. म्हटलं, गरीब असू, पण थट्टा करणारी माणसं नाही आम्ही. मग मी तुझी ओटी पुन्हा भरली, त्यांनी ती पावली हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि परत ठेवली. नंतर रीतीप्रमाणे त्यांनी माझी ओटी भरली. आत जाऊन बराच वेळ डबे उघडताना-लावतानाचा आवाज येत होता, तुलाही आला असेल. बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे बघत नव्हत्या. पटकन ओटीत घातलं आणि पदर माझा मलाच घट्ट बांधायला लावला. मला वाटलं, राग अजून आहेच.

बस स्टॉपपर्यंत त्या मला सोडायला आल्या, तू वरच होतीस. बस आली तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, रविवारी न्यायला या, पण दुसऱ्या कुणाला धाडू नका, तुम्हीच या. मी हर्षाने चढले, कंडक्टरने परतीची नोट कधी मोडून दिली तेही कळलं नाही. घरी येऊन ओटी सोडली. तांदूळ, नारळ, खण, रुपयाची नोट. आणि नोटेच्या घडीत, कमल, अगदी तुझ्या बाबांनी घातली होती तशा घडीत, निळं कुपन. मुलुंडच्या कुठल्याशा दुकानाचं. पंचवीस पैसे. मी हसले, मग रडले, आणि तुझे बाबा घाबरून पाणी घेऊन आले. त्या बाईच्याही घरात पावली नव्हती गो! डबे उघडत होती ती तेवढ्यासाठी. आता नीट ऐक, हे पत्र मी त्याचसाठी लिहितेय. तू यातलं काही बोलायचं नाही. हसायचं नाही, जावईबापूंना सांगायचं नाही, सासूबाईंनी स्वतः विषय काढला तरी आईने काही सांगितलं नाही म्हणायचं. त्यांना चार बायकांसमोर वाटलं तसं कुणालाच वाटायला नको. त्या निळ्या पुठ्ठ्यावरही तेच छापलंय, फक्त याच दुकानात चालेल. म्हणजे ते खपवायला मला मुलुंडलाच आलं पाहिजे. रविवारी येते. त्याची जेवढी येईल तेवढी खडीसाखर घेईन, तुझ्या सासूबाईंच्या हातावर ठेवीन आणि तुला घेऊन निघेन. लुगडी-बिगडी बांधून तयार राहा. आणि हो, तोवर कुठूनही, कसेही करून दोघींच्या बसचे सुटे तेवढे जमव, सातव्या महिन्यात तुला मी भांडुपपासून चालवणार नाही.

तुझीच,
आई